गेटवरची पाल

ज्योतीराम थोरव्यांना बापाची लाज वाटत नव्हती, असं ते स्वतः सांगत. लाज वाटत होती ती फक्त बापाच्या नावाची, आणि तीही ते मोठ्या अक्षरांत गेटवर लिहिलेलं असल्यामुळे. चाकण एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपवर बावीस वर्षं 'गेनबा इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पत्र्याची पाटी होती. भोसरीच्या पेंटरने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत रंगवलेली. त्या पाटीखालून गाड्यांचे लाखो ब्रॅकेट बाहेर पडले आणि सगळे दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यांत भरले गेले. कारण ज्योतीराम मोठ्या कंपनीला माल देत नव्हते. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला देत होते.

आता मात्र नशीब उघडायची वेळ आली होती. मोठ्या कंपनीच्या इटलीतल्या ऑफिसातून ओर्नेला नावाच्या मॅडम महिन्याभराने वर्कशॉप तपासायला येणार होत्या. त्यांनी मान हलवली की ज्योतीराम थेट सप्लायर होणार होते. खोक्यावर स्वतःचं नाव छापलं जाणार होतं. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच.

"आणि खोक्यावर छापायचं काय? गेनबा?" सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारत ते म्हणाले. "व्हेंडर मीटिंगला आजूबाजूला सगळे ग्रहगोल बसलेले असतात. एकाची कंपनी गुरू, एकाची शनी, तीही इंग्रजीतून. मधे मी गेनबा! परवा एकाने विचारलं, 'भाऊ, तमाशाचा फड आहे का?'"

"मग काय सांगितलंत?" त्यांची मुलगी दिव्या म्हणाली. आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन ती वर्कशॉपची क्वालिटीची कागदपत्रं सांभाळत होती.

"काय सांगणार? हसलो."

ज्यांचं हे नाव, ते गेनबा चऱ्होलीतल्या त्याच घराच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट. त्यांनी ऐकलं आणि तंबाखू जरा जास्त वेळ मळली. समोर, जिथे त्यांनी जन्मभर कांदा काढला, तिथे आता बावीस मजली इमारती उभ्या होत्या. नावं सगळी आभाळातली आणि पाणी सगळं टँकरचं. एवढ्या उंच नावाच्या माणसांना रोज सकाळी खाली येऊन टँकरवाल्याच्या विनवण्या करताना पाहणं ही गेनबांची एक करमणूक होती.

ज्योतीराम ज्याच्याकडे गेले तो ब्रँड कन्सल्टंट आदिनाथ. आकुर्डीत त्याचं काचेचं ऑफिस होतं, आणि तो स्वतःला 'आदि' म्हणवून घेई, कारण 'नाथ' जुनाट वाटतं. आपलंच अर्धं नाव कापून टाकलेल्या माणसाच्या हाती ज्योतीरामांनी बापाचं नाव सोपवलं.

"सर, इटलीहून मॅडम येतायत ना? मग लॅटिन!" आदि म्हणाला. "इटालियन भाषेची आई. संस्कृत कसं आपल्याकडे, तसं. आणि स्टार फॅमिलीतलं नाव घ्यायचं. तारा म्हटलं की माणूस वर बघतो."

"घ्या मग तारा."

"स्टेला म्हणजे तारा. पण ते दिघीत एका ब्युटी पार्लरला आहे. अस्त्रा म्हणजे तारे, अनेकवचन. पण ते मोशीत एक पेस्ट कंट्रोलवाला घेऊन बसलाय. सीडस म्हणजे नक्षत्र."

"सीडस? खतं-बियाण्यांचं दुकान वाटतंय हो."

"म्हणूनच मी तुमच्यासाठी खास काढलंय." आदिने स्क्रीन फिरवली. "स्टेलिओ! मेड-अप नाही सर, डिक्शनरीतला ओरिजिनल शब्द. अर्थसुद्धा लिहिलाय: 'स्टेलापासून, ताऱ्यांच्या ठिपक्यांनी सजलेला.'"

डिक्शनरीत त्या ओळीपुढे आणखी दीड ओळ होती. ती वाचायचे कष्ट आदिने घेतले नव्हते, कारण अर्धं वाचून पूर्ण बोलणं हाच त्याचा धंदा होता. वर त्याने ब्रीदवाक्यही दिलं: 'पेर अस्पेरा अॅड अस्त्रा'. अस्पेरा म्हणजे खडतर जागा, अस्त्रा म्हणजे तारे. खडतर वाटेने ताऱ्यांकडे. ज्योतीरामांनी ते तीनदा म्हणून पाहिलं आणि त्यांना उंच झाल्यासारखं वाटलं.

"पप्पा, पूर्ण अर्थ एकदा बघू या का?" दिव्याने घरी विचारलं.

"तू मेकॅनिकल शिकलीस की लॅटिन? तो माणूस प्रोफेशनल आहे."

लोगोही आला. तारा म्हणून काढलेली आकृती; पण डिझायनरला 'गती' दाखवायची होती, म्हणून ताऱ्याचे चार हात वळवून पाचव्याला लांब शेपूट दिलं होतं, आणि अंगभर ठिपके. ज्योतीरामांनी मोठ्या कौतुकाने तो घरात दाखवला. गेनबांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"पाल हाय व्हय?"

"आबा, तारा आहे तो!"

"मंग भित्तीवर का चढाया लागलाय?" गेनबा म्हणाले. "आन् ह्ये खाली काय? पेर... काय पेरायचं?"

"पेरायचं नाही. लॅटिन आहे."

"आड बी हाय की ह्येच्यात. आडात अस्तर? आरं, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

ज्योतीरामांनी कागद काढून घेतला. पाटी बदलणार, हे त्यांनी बापाला सांगितलंच नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता गेनबा नेहमीप्रमाणे बसने चाकणला आले, तर गेटवर त्यांच्या नावाच्या जागी चकचकीत अक्षरांत 'स्टेलिओ' आणि शेजारी ती पाल. म्हातारा काठीवर भार देऊन बराच वेळ उभा राहिला. मग काही न बोलता आत गेला आणि रोजची फेरी मारून आला. बोलला असता तर बरं झालं असतं, असं दिव्याला वाटलं. ज्योतीरामांना वाटलं, आबांनी मनावर घेतलेलं दिसत नाही.

नव्या नावाचा गुण तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागला. आधी एक भंगारवाला आला. त्याने गेटवर 'स्टेलिओ' वाचलं ते 'स्टील ओऽ' असं, आपल्याच आरोळीसारखं, आणि हातगाडी थेट आत घातली. मग शेजारच्या वाडीतल्या चार बायका जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन आल्या. त्यांच्या पुढारी सोजरबाई. कपड्यांवर भांडी मिळतात, असा त्यांचा समज झाला होता.

"ह्या दोन साड्या आन् एक पँट. पातेलं देता का डबा?"

"मावशी, इथे भांडी नाहीत. इथे गाडीचे पार्ट बनतात," ज्योतीराम दात आवळून म्हणाले.

"मंग गेटवर स्टील-ओ कशापायी लिवलंय? गेनबाचं व्हतं तवा असली फसवाफसवी नव्हती."

कुरिअरवाले तर 'या गल्लीत स्टेलिओ नावाचं कुणी नाही' असा शेरा मारून परत जाऊ लागले. कारण टपरीपासून टोकाच्या फाउंड्रीपर्यंत सगळे त्या जागेला गेनबाचंच म्हणत. ज्योतीरामांनी आदिला फोन केला.

"सर, चर्चा होतेय ना? मग ब्रँड रुजतोय," आदि म्हणाला.

तपासणीची तयारीही सुरू होती. मोठ्या कंपनीने एक रजिस्टर ठेवायला सांगितलं होतं: 'गेम्बा वॉक'. हा जपानी शब्द सध्या चाकणच्या प्रत्येक भिंतीवर चिकटवलेला असतो. अर्थ इतकाच, की मालकाने एसीत बसून न राहता काम जिथे चालतं तिथे रोज स्वतः फिरावं, बघावं, विचारावं. म्हणजे जे कुठलाही शेतकरी सकाळी बांधावरून करतो ते. पण जपानी असल्यामुळे त्यावर दोन-दोन दिवसांची ट्रेनिंगं होतात. ज्योतीराम अशा तीन ट्रेनिंगांना जाऊन आले होते आणि परत येऊन एसीत बसले होते. रजिस्टर त्यांनी पाटी बदलायच्या आधीच जुना मशीनमन नवनाथ याच्या हाती दिलं होतं.

"रोज भरत जा. वेळ, कोण फिरलं, काय दिसलं."

"भरतो की, मालक," नवनाथ म्हणाला. तो मूळचा बीडकडचा, वीस वर्षं इथे. खोटं लिहायला त्याचा हात वळत नसे. एवढा एक दोष सोडला तर माणूस कामाचा होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी ज्योतीरामांनी शेवटचा बंदोबस्त केला. "आबा, उद्या तुम्ही घरीच थांबा. फॉरेनची बाई येणार आहे. तुमचं धोतर, तंबाखू... उगाच कशाला दगदग?"

गेनबा मुलाकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले. दिव्याने मान खाली घातली. गेनबांची बायको गवराबाई आतून ऐकत होत्या. तेवढ्यात भिंतीवर खरीखुरी पाल चुकचुकली आणि त्यांनी बोटांनी जमिनीवर टकटक करत "कृष्ण, कृष्ण" म्हटलं.

गुरुवारी मॅडम नऊला येणार होत्या. ज्योतीराम नवा कोट घालून, कामगार नव्या लोगोचे, म्हणजे पालीचे, टी-शर्ट घालून गेटवर उभे. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. शेवटी ड्रायव्हरचा फोन आला: त्याने तळेगाव चौकात 'स्टेलिओ' विचारलं तर लोकांनी त्याला भंगार गल्लीत पाठवलं होतं. दहाला दहा कमी असताना गाडी लागली. मॅडम उतरल्या त्या कंबर धरूनच. पन्नाशीची बाई, आखूड पांढरे केस, पायात सेफ्टी शूज. त्यांनी गेटकडे पाहिलं, आणि हारतुरे घेऊन पुढे झालेल्या ज्योतीरामांना हाताने थांबवून त्या हसत सुटल्या.

"आवडलं वाटतं," ज्योतीराम दिव्याच्या कानात म्हणाले.

मॅडमनी डोळे पुसले आणि इंग्रजीत विचारलं, ते दिव्याने सांगितलं. "त्या विचारतायत, हे नाव मुद्दाम ठेवलंय का? कागदांवर पाहिलं तेव्हा त्यांना टायपिंगची चूक वाटली होती. पण आता चित्रही दिसतंय म्हणतात."

"सांग, लॅटिन आहे. ताऱ्यांनी सजलेला."

मॅडम शाळेत पाच वर्षं लॅटिन शिकल्या होत्या. त्या सांगत गेल्या आणि दिव्याचा आवाज बारीक होत गेला. "पप्पा, स्टेलिओ म्हणजे... पाल. पाठीवर ताऱ्यांसारखे ठिपके असतात ती. म्हणून स्टेलापासून."

मागे कामगारांत कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

"आणि पालीसारखा सटकणारा, म्हणून दुसरा अर्थ... लबाड माणूस. रोमन कायद्यात त्याच शब्दावरून एका गुन्ह्याचं नाव होतं. एकच माल दोघांकडे गहाण टाकायचा, भलताच माल गळ्यात मारायचा."

माल पुरवणाऱ्याच्या गेटवर, चार फुटी अक्षरांत, लाइट लावून! ज्योतीरामांनी हातातला हार पाठीमागे लपवला. बावीस वर्षांची वाट पाहणं त्यांना डोळ्यांसमोर शेपूट हलवत भिंतीवर चढताना दिसलं.

"त्या म्हणतायत, तरी बरं, डिझास्टर नाही ठेवलं. तोही त्याच घराण्यातला शब्द, वाईट ताऱ्याचा."

मॅडमचं लक्ष आता पाटीवरच्या खालच्या ओळीवर, ब्रीदवाक्यावर गेलं होतं. घाईत पेंटरने दोन शब्दांची अदलाबदल केली होती, आणि पंधरा दिवसांत ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं; लॅटिनचा तेवढाच फायदा. 'पेर अस्त्रा अॅड अस्पेरा.'

"ताऱ्यांमधून खाचखळग्यांकडे," दिव्याने भाषांतर केलं. "हे मात्र अगदी खरं आहे म्हणतात. सकाळी फाइव्ह स्टार हॉटेलातून निघाल्या आणि थेट चाकणच्या रस्त्याला लागल्या."

हसून झाल्यावर मॅडमचा चेहरा कामाचा झाला, ते जास्त भीतिदायक होतं. केबिनमध्ये चहाला न थांबता त्यांनी आधी रजिस्टर मागितलं. ज्योतीरामांनी ते आजवर उघडून पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच पानावर घोळ होता. छापील 'GEMBA' मधला 'M' नवनाथने पेनाने खोडला होता आणि वर ठसठशीत 'N' काढला होता. प्रत्येक पानावर.

"हे काय केलंस?" ते कुजबुजले.

"छापणाऱ्यानं चुकीचं लिहिलतं, मालक. गेम्बा कुठं असतंय व्हय? म्या दुरुस्त केलं."

खाली महिन्याभराच्या नोंदी होत्या. वेळ: सकाळी दहा. कोण फिरलं: गेनबा. काय दिसलं: 'तीन नंबर प्रेसचा आवाज फाटका, बोल्ट सैल निघाला.' 'तेल सांडलं, पुसून घेतलं.' 'नव्या माणसाचा हात डायच्या लई जवळ, गार्ड लावला.' 'आज म्हातारं काहीच बोललं नाही, नुसतं फिरलं.' ही नोंद पाटी बदलली त्या सोमवारची होती.

दिव्या एकेक ओळ इंग्रजीत सांगत होती आणि मॅडम नाकावरचा चष्मा सारखा करत ऐकत होत्या. मग त्यांनी त्या 'N' वर बोट ठेवलं. "मी नागोयात दोन वर्षं काम केलंय," त्या म्हणाल्या. "जपानी स्पेलिंगला हल्ली 'N' लिहितात. तुमच्या सगळ्या चाकणमध्ये मी 'M' बघत आले. हे दुरुस्त करणारा अभ्यासक कोण?"

सगळ्यांनी नवनाथकडे पाहिलं. सातवी नापास अभ्यासकाने टी-शर्टावरच्या पालीवर हात ठेवून नमस्कार केला.

"आणि फिरणारा?"

ज्योतीरामांनी तोंड उघडलं. 'मीच' हा शब्द त्यांच्या जिभेवर अगदी तयार होता. पण घड्याळात दहा वाजले, आणि शटरमधून धोतर, काठी आणि तंबाखूचा वास आत आला. बावीस वर्षांची सवय एका 'बरं' म्हणण्याने मोडत नसते. गेनबांनी कोटाकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही. ते सरळ तीन नंबरपाशी गेले, प्रेसच्या अंगावर तळवा ठेवून जरा थांबले आणि म्हणाले, "नवनाथ, बंद कर. बेरिंग रडतंय."

मशीन बंद केलं, खोललं. बेरिंग खरंच गेलं होतं. मॅडम वाकून बघून आल्या आणि म्हाताऱ्याच्या मागे चालायला लागल्या. चहाच्या कोपऱ्यापर्यंत फेरी झाली. तिथे छपरातून धूळ पडू नये म्हणून नवनाथने एक जुनी निळी पाटी आडवी बांधली होती. त्यावर पांढऱ्या अक्षरांत: GENBA ENGG. WORKS.

मॅडमनी पाटीकडे बोट केलं, मग म्हाताऱ्याकडे. "गेनबा?"

"व्हय," गेनबा म्हणाले. "मीच त्यो. पर आता उतरवलाय."

दिव्याने ते वाक्य इंग्रजीत केलं नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मंजुरी होती. खाली दोन अटी होत्या. एक, गेटवर जुनं नाव लावावं. दोन, रोज सकाळची फेरी श्री. गेनबा यांनीच मारावी. त्याच दिवशी आदिचाही फोन आला. "सर, गेनबा! जपानी नाव! आधी सांगायचं ना. मी पोर्टफोलिओत घालतोय." दिव्याने वडिलांच्या हातातून फोन घेतला आणि अकलेचे तारे तोडायला दुसरं आभाळ शोध, असं त्याला साध्या मराठीत सांगितलं.

ज्योतीराम पेढे घेऊन ओट्यावर गेले. "आबा, तुमचं नाव परत लावतोय."

"लावू नगंस."

"अहो, मॅडमना फार आवडलं. जपानी शब्द आहे म्हणतात तो."

"त्येच सांगतोय." गेनबांनी पेढा परत खोक्यात ठेवला. "लाज वाटली म्हून उतरवलंस, ते माझं नाव व्हतं. आता जपानी म्हून चढवाया लागलास, ते माझं न्हाई. त्या जपान्याला फेरी माराया बोलव."

ज्योतीरामांनी पेढ्यांचा खोका बाजूला ठेवला. पहिल्यांदाच त्यांना खरी लाज वाटली, स्वतःची. ते पायरीवर बसले. समोर टँकर येऊन गेला.

"चुकलं, आबा," ते शेवटी म्हणाले.

म्हाताऱ्याने तंबाखू झटकली. "यीन. पर माझ्या मागं तू चालायचंस. रोज दहाला. कोट काढून."

निळी पाटी परत गेटवर चढली. टी-शर्ट मात्र तेच राहिले, कारण ते फाटेपर्यंत वापरायचे असा गेनबांचा हुकूम होता. आता रोज दहाला पुढे धोतर आणि त्यावर पालीचा टी-शर्ट, मागे पालीचाच टी-शर्ट घातलेले मालक, अशी फेरी निघते. परवा एक नवे ग्राहक आले होते. गेटवरची पाटी पाहून ते फेरीबरोबर चालता चालता आदराने म्हणाले, "वा! गेनबा! जपानी फिलॉसॉफी ना, सर?"

ज्योतीरामांची मान हलायच्या बेतात होती.

पुढून गेनबांनी मागे न बघताच विचारलं, "पाल चुकचुकली का रं कुठं?"

"नाही, साहेब," ज्योतीराम घाईने म्हणाले. "वडिलांचं नाव आहे ते. चऱ्होलीचं."